थट्टा कुठे संपते

‘मैदानावरची चेष्टा कोणी मनाला लावून घेऊ नये’ हे अनेकदा ऐकू येणारे मत मला अजिबात मान्य नाही. गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटला की आम्ही मालवणकरही ‘हाताक त्याल लावलंस काय रे?’ म्हणून ओरडतो. पण ती त्याच्या खेळाची थट्टा असते आणि पुढचा फटका अडवून तो ती परतवू शकतो. कातडीचा रंग कसा परतवणार? मे २०२३ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या मैदानात ब्राझीलच्या कृष्णवर्णीय फुटबॉलपटू विनिसियस ज्युनियरला माकड म्हणून हिणवणाऱ्या तिघा प्रेक्षकांना जून २०२४ मध्ये न्यायालयाने आठ महिन्यांच्या कैदेची शिक्षा सुनावली. आमच्या किनाऱ्यावरच्या सामन्यात एका काळ्यासावळ्या पाहुण्या मुलाला तसेच आवाज काढून चिडवले गेले, तेव्हा रेषेबाहेरून आत फेकण्यासाठी (थ्रो-इन) डोक्यावर धरलेला चेंडू तसाच घेऊन तो क्षणभर थिजून उभा राहिला. ओरडणाऱ्यांत माझा पुतण्याही होता. त्याला मी तिथूनच घरी पाठवले.