मदत हवी: वायरलेस लिंकवरून आलेल्या फाइलची अर्धीच प्लेट निघते

ऑफसेट प्रेसचं प्रीप्रेस, म्हणजे छपाईआधीची तयारी, मी बघतो. आमचं एक मोठं गिऱ्हाईक, जाहिरातींचं डिझाइन करणारं, साधारण 800 मीटरवर आहे. दोन्ही गच्च्यांवर 5 गिगाहर्ट्झचे अँटेना लावून थेट लिंक टाकलीय. त्यांच्या फाइली आमच्या हॉट फोल्डरमध्ये (सतत नजर ठेवलेल्या फोल्डरमध्ये) पडतात, रिप (फाइलचं प्लेटसाठी ठिपक्यांत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) त्या आपोआप उचलतं आणि सीटीपीवर, म्हणजे थेट संगणकावरून प्लेट काढणाऱ्या मशीनवर, छपाईची प्लेट निघते. दोन वर्षं सगळं सुरळीत होतं.

पाऊस लागला तसा वेग 200 एमबीपीएसवरून कधी 15, कधी 8 वर. तेही चालवून घेतलं असतं. पण गेल्या आठवड्यात दोनदा टिफ (चित्राच्या) फाइलची प्लेट निघाली ती खालचा एक तृतीयांश भाग कोरा! पहिली तर थेट छपाईच्या मशीनवर चढली. ऑपरेटरला वाटलं, डिझाइनच तसं असेल. गिऱ्हाइकाकडची मूळ फाइल धडधाकट. पिंग (लिंक जिवंत आहे का याची चाचणी) चालूच असतो.

विक्रेता म्हणतो, 60 गिगाहर्ट्झची नवी जोडी घ्या. घ्यावी का?

प्रतिसाद १:
अजिबात नको. पावसाचा त्रास 60 लाच जास्त. 5 ला एवढ्या अंतरावर पावसाने फारसं काही होत नाही, ओल्या पानांनी मात्र होतं. मधे झाड वाढलंय का बघा. समोरचा अँटेना नुसता दिसून भागत नाही. 800 मीटरच्या लिंकला मध्यावर रेषेच्या चहूबाजूंनी साधारण 3 मीटरचा फ्रेनेल झोन (लहरींना लागणारी मोकळी जागा) येतो, त्यातला निदान 60 टक्के मोकळा हवा.

प्लेटचं दुखणं वेगळं आहे. फाइलचा आकार काही सेकंद वाढला नाही की बरेच हॉट फोल्डर ती पूर्ण आली असं धरतात. तुमची लिंक अडखळली की रिप अर्धी फाइल उचलून मोकळं. फाइल आधी दुसऱ्या फोल्डरमध्ये येऊ द्या, चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) दोन्हीकडे जुळला की मगच हॉट फोल्डरमध्ये हलवा. दोन्ही फोल्डर एकाच ड्राइव्हवर ठेवा, नाहीतर हलवताना परत कॉपीच होते आणि पहिले पाढे पंचावन्न.

मूळ धागाकर्ता:
झाड आहे! शेजारच्या आवारातलं, दोन वर्षांत चांगलंच वर गेलंय. पाइप दोन मीटर वाढवतो. पण तिकडचा डिझायनर फाइल नुसती ओढून टाकतो, चेकसम वगैरे त्याला कोण शिकवणार?

प्रतिसाद १:
एसएफटीपी (फाइल सुरक्षित पाठवायची पद्धत) सुरू करा आणि त्याला विनएससीपी हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर द्या. मोठी फाइल जाताना ते नावाच्या शेवटी .filepart लावतं आणि पूर्ण पोचली की मूळ नाव देतं. रिपला फक्त टिफ आणि पीडीएफ उचलायला सांगा, म्हणजे अर्धी फाइल ते उचलणार नाही. त्याने ओढून टाकलं तरी चालेल.