मदत हवी आहे : दमेकरी आईला इंदूरहून मुंबईला विमानाने न्यायचंय, काय काळजी घेऊ?

रामबाग_इंदूर | २ डिसेंबर २०२०

नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. धाकट्या बहिणीला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली आहे. ती ठाण्याला असते, घरात ती आणि मेहुणे दोघंच, सासूबाई नाहीत. बाळंतपणाला आई जाणार हे आमच्याकडे केव्हाच ठरलंय, त्यावर चर्चा नाही. आईचं वय ६८, दमा जुना, शिवाय रक्तदाबाची गोळी. मार्चपासून ती उंबऱ्याबाहेर दोनदाच पडली, दोन्ही वेळा दवाखान्यात जायला. दिवाळीनंतर इथे कोरोनाचे रुग्ण पुन्हा वाढले, रात्री दहानंतर संचारबंदी लागली, आणि आमच्याच गल्लीतले एक काका पंधरा दिवसांपूर्वी गेले. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

गाडीने न्यायचं तर अकरा-बारा तास. आईचे गुडघे तेवढे बसू देत नाहीत, आणि वाटेतल्या ढाब्यांवरची स्वच्छतागृहं वापरायची तिची तयारी नाही. रेल्वेत अख्खी रात्र बंद डब्यात अनोळखी माणसांबरोबर काढायची. म्हणून विमान. सव्वा तासात सुटका होईल असं वाटतं, पण दोनशे माणसं एकाच नळीत कोंडलेली, हे चित्रही डोळ्यांसमोरून हलत नाही. २८ तारखेची तिकिटं बघून ठेवली आहेत, अजून काढलेली नाहीत.

विमानातली हवा खरोखर फिरून फिरून सगळ्यांच्या नाकात जाते का? आईला एन-९५ लावला की दहा मिनिटांत "जीव गुदमरतो" म्हणते आणि चष्म्यावर धुकं येतं. मधल्या सीटवाल्याला अंगभर पांढरा गाऊन घालावा लागतो म्हणतात, तो साडीवर जमेल का? आणि एक बारीक प्रश्न, पण आईसाठी तोच मोठा आहे : चेक-इनला माणशी एकच बॅग चालते. तिने डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, बाळंतशोप आणि साजूक तुपाची बरणी एवढं काढून ठेवलंय. हे कशात घालू?

कोणी इतक्यात आई-वडिलांना घेऊन गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

हरणी_रोड | २ डिसेंबर

मी वडोदऱ्याला भूलतज्ज्ञ आहे, वर्षभर कोविड वॉर्डातही काम करतोय. आधी तारखेचं बोलतो, कारण तुमच्या प्रश्नांत ते आलेलंच नाही. २८ ला जाऊ नका. लागण झालीच तर लक्षणं साधारण पाच-सहा दिवसांत दिसतात, कधी चौदापर्यंत लांबतात. तुम्ही २८ ला पोचलात तर नेमक्या त्याच काळात बहीण बाळंत होईल. १५-१७ च्या सुमारास निघा. ठाण्यात पहिले दहा-बारा दिवस आईंची खोली वेगळी, खिडक्या उघड्या, बहिणीजवळ बसताना दोघींना मास्क. मग बाळ येईल तेव्हा आई निर्धास्तपणे त्याला घेऊ शकतील.

आता हवा. बहुतेक जेट विमानांत साधारण निम्मी हवा बाहेरून घेतात आणि निम्मी हेपा फिल्टरमधून गाळून परत सोडतात. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण या फिल्टरला अडकतात, आणि केबिनची हवा दोन-तीन मिनिटांत बदलते. ती छताकडून खाली पायांकडे वाहते, पुढून मागे फारशी जात नाही. तेव्हा दहा रांगा पलीकडे कोणी खोकलं म्हणून घाबरू नका. धोका आहे तो शेजारच्या दोन-तीन रांगांचा, आणि त्याला फिल्टर पुरा पडत नाही. याच वर्षी मार्चच्या सुरुवातीला लंडनहून हनोईला गेलेल्या विमानात एका प्रवाशापासून पंधरा जणांना लागण झाली असावी असा निष्कर्ष निघाला. त्यातले बारा त्याच्याच बिझनेस क्लासमधले. तेव्हा मास्कची सक्ती नव्हती, आणि प्रवास दहा तासांचा होता. तुमचा सव्वा तास आहे आणि मास्क सगळ्यांना आहे, हा फरक मोठा आहे.

विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा मात्र हवा खेळती असेलच असं नाही. चढताना आणि उतरताना गर्दीत मास्कला हात लावायचा नाही. डोक्यावरची हवेची झडप उघडून झोत मांडीवर येईल असा फिरवा. ती हवा गाळलेली असते, बंद करू नका.

दम्याचं : पंप हातातल्या पर्समध्येच हवा, सामानात नको. निघायच्या आठवड्यात ऑक्सिमीटरने रक्तातला ऑक्सिजन रोज मोजा. घरी शांत बसून ९५ च्या खाली येत असेल तर त्यांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नेऊ नका.

रामबाग_इंदूर | २ डिसेंबर

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. तारखेचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. १७ ची तिकिटं काढतेय. ऑक्सिजन आज तीनदा मोजला, ९६-९७ आहे.

कृष्णपुरा | ३ डिसेंबर

ताई, मी गेल्या महिन्यात वडिलांना घेऊन इंदूर-मुंबई केलं. खिडकी आईंना द्या, मधली सीट तुम्ही घ्या. मग गाऊन तुम्हाला घालावा लागेल, आईंच्या साडीचा प्रश्नच उरत नाही, आणि त्यांच्या शेजारी परकं माणूस येत नाही. सीट वेब चेक-इनला निवडा, ते सक्तीचंच आहे. बोर्डिंग पासचा कागद घरूनच छापून न्या. आता त्यावर शिक्का मारत नाहीत, लांबून दाखवायचा. आत जाताना सुरक्षारक्षक मास्क क्षणभर खाली करायला सांगतो, तेव्हा आईंना सांगून ठेवा की श्वास रोखून धरायचा आणि लगेच वर घ्यायचा.

सगळ्यात गर्दी विमान थांबल्यावर होते. पट्टे सुटायच्या आधीच अर्धी माणसं उभी. रांगेप्रमाणे उतरा म्हणून सांगतात, पण ऐकतं कोण! तुम्ही बसून राहा, शेवटी उतरा. मी गेलो तेव्हा खाणं-पिणं देत होते, पण आम्ही घेतलं नाही. शेजारचा खायला लागला तर तेवढा वेळ तोंड खिडकीकडे करून गप्प बसायचं.

लाडू हातातल्या पिशवीत चालतात. तूप चालत नाही, ते द्रवात धरतात. बरणी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध.

हरणी_रोड | ३ डिसेंबर

खिडकीचं बरोबर. तिथे बसणाऱ्याचा ये-जा करणाऱ्यांशी संबंध सर्वात कमी येतो. मास्कबद्दल काल राहिलं. झडपेचा एन-९५ घेऊ नका, त्यातून आपला श्वास न गाळता बाहेर जातो. जुलैत आरोग्य मंत्रालयानेही तो वापरू नका असं कळवलं. चष्म्यावर धुकं येतं म्हणजे नाकाजवळ फट आहे. वरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी नाकावर दाबून बसवा, तरी आलं तर वरच्या कडेला मायक्रोपोरची चिकटपट्टी लावा. आणि सवय घरी करा. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पोळ्या लाटताना, मग वीस, मग तास. गुदमरणं बरंचसं भीतीचं असतं, सवयीने जातं. पाणी पिणं तोडू नका. स्वच्छतागृह टाळायला वयस्कर बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, आणि विमानातली हवा तर फार कोरडी असते. रक्तदाबाच्या गोळीने लघवी जास्त होत असेल तर त्या दिवशी ती कधी घ्यायची ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

माळव्याची_लेक | ४ डिसेंबर

मुंबईत उतरल्यावर चाचणीचा अहवाल मागतील का, हे कोणी विचारलं नाही म्हणून लिहितेय. २५ नोव्हेंबरपासून महाराष्ट्राने दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून येणाऱ्यांना आरटी-पीसीआर मागायला सुरुवात केली आहे, विमानाला ७२ तासांच्या आतला. मध्य प्रदेश त्या यादीत नाही, पण निघायच्या दोन दिवस आधी पुन्हा बघा. आणि विमान अहमदाबादवरून बदलून जाणारं घेऊ नका, थेटच घ्या.

रामबाग_इंदूर | १९ डिसेंबर

पोचलो. तुम्हा सगळ्यांमुळे पोचलो, म्हणून सगळं लिहितेय.

आईने दहा दिवस रोज मास्क लावून स्वयंपाक केला. शेवटी शेवटी तर काढायचा विसरून जायची. विमानतळाच्या वाटेवर बिजासनची टेकरी दिसली तशी तिने हात जोडले आणि मग पूर्ण प्रवासभर एक शब्द बोलली नाही, कारण मी सांगितलं होतं की बोलताना मास्क सरकतो.

गाऊन मी घातला. कागदासारखा कुरकुरतो आणि आत घाम येतो, पण सव्वा तास काहीच नाही. फेस शील्डने आईला दिसेनासं झालं, तेव्हा कडा थोडी वर केली. पाचव्या रांगेतले एक गृहस्थ मास्क हनुवटीवर घेऊन फोनवर बोलत होते. हवाई सुंदरीने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा प्रवासबंदीच्या यादीचं नाव काढलं, तेव्हा वर गेला.

घाबरले ते एकदाच. विमान वर गेल्यावर आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९२. माझे हात थरथरायला लागले. तिला धाप नव्हती, ओठ नेहमीसारखे, खिडकीतून ढग बघत होती. पंप हातात धरून बसले. उतरायला लागलो तसा ९४, मुंबईत ९६. डॉक्टरसाहेब, हे काय होतं? परतीला असं झालं तर?

तुपाची बरणी सुखरूप आहे.

हरणी_रोड | १९ डिसेंबर

छान झालं! ९२ चं कारण उंची. केबिनमधला दाब जास्तीत जास्त आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा असतो, त्यामुळे निरोगी माणसाचंही तीन-चार अंकांनी खाली येतं. धाप, छातीत जडपणा, ओठ निळसर, गोंधळल्यासारखं बोलणं, यांतलं काही दिसलं तर लगेच कर्मचाऱ्यांना बोलवायचं, विमानात ऑक्सिजन असतो. पण आईंना दमा आहे, तेव्हा परतीच्या आधी हे आकडे त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना सांगाच.

रामबाग_इंदूर | १९ डिसेंबर

सांगते. वहीत वेळेसकट लिहून ठेवले आहेत. आई आतल्या खोलीत आहे, बहीण दाराबाहेर खुर्ची टाकून बसली आहे, दोघी मास्क लावून बोलतायत. २९ पर्यंत असंच.