शिमग्याला जमणारा गाव काजूच्या युनिटसाठी का जमत नाही?

तिठा :
कोकणात भांडवल नाही हे रडगाणं पुरे झालं. शिमग्याला पालखी नाचवायला चाकरमानी गाड्या भरून येतात, देवळाच्या जीर्णोद्धाराला वाडीवाडीतून वर्गणी जमते. सामाजिक भांडवल म्हणतात ते हेच. त्यावर रोजगार उभा राहतो हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला दिसलं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून तिथे कासवांची अंडी जपायला घेतली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे गावातल्याच घरांत उतरू लागले. राहण्या-जेवणाचे पैसे थेट त्या घरांत. मग काजूचं घोडं कुठे अडलं? बी कच्चीच विकली जाते, बोंडू म्हणजे काजूची फळं झाडाखाली कुजतात. पंचक्रोशीत बी फोडून काजूगर काढणारं, गावाच्या मालकीचं एक तरी युनिट हवं.

कातळसडा :
साफ असहमत. गावकीत मान आधीच ठरलेले असतात. पालखी आधी कोणाच्या दारात, यावरून बोलणं तुटलेली गावं आहेत. त्याच पायावर युनिट बांधलंत तर अध्यक्ष मानकऱ्यांच्या घरातला आणि बी फोडायला खालच्या वाडीतल्या बायका. शिवाय जागा कुठली? सातबाऱ्यावर वीस नावं, निम्मी मुंबईला. सह्या कोण आणणार?

खाजण :
वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका 2017 पासून कांदळवन सफारी चालवतात. त्यासाठी ना सातबारा लागला, ना मानकरी.

कातळसडा :
त्यांचं कौतुकच आहे. पण त्यांच्या पाठीशी वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि संयुक्त राष्ट्रांच्या यूएनडीपीचा प्रकल्प होता. गावोगावच्या गटांना असं कोण उभं करणार?

तिठा :
आमच्याकडे बचत गट काजूच्या बीला किलोमागे जास्त दर देतो, तरी शेजारच्या काकी बी दुकानदारालाच घालतात. का, तर गटाचे पैसे माल विकल्यावर मिळतात. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, घर भरावं लागतं. काकी म्हणाल्या, "आगोटीला तांदूळ, तेल, मीठमिरची तो उधार भरून देतो. तुमचो गट देतलो?" विश्वास गावात आहेच, तो दुकानदाराच्या वहीत आहे. म्हणून युनिट नंतर. आधी गटाने आगोटीला उचल द्यावी आणि बी घातली त्याच दिवशी रोख मोजावी. देवळाला लाखो देणारं चाकरमान्यांचं मुंबईचं मंडळ एवढी रक्कम बिनव्याजी का फिरवू शकत नाही?

कातळसडा :
फिरवू शकतं. पण मग दर महिन्याचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे आणि समितीत निम्म्या बायका खालच्या वाडीतल्या हव्यात. मंडळाकडून हे लेखी आणा, पहिली वर्गणी माझी.