छोट्या बँकेचा खर्च कमी करायचाय, सुरुवात कुठून करू?

शिलकीपुस्तक: मी 6 शाखांच्या छोट्या बँकेत ऑपरेशन्स बघतो. व्याजाचं देणं वजा जाता 100 कमावले की 74 खर्चात जातात. बोर्ड म्हणतंय एकच काम हातात घ्या, बजेट मागच्या वर्षीच्या नफ्याच्या 5 टक्के आणि नवीन भरती नाही. कर्जाचं सॉफ्टवेअर घेऊ की मोबाईल ॲप? अनुभव असलेल्यांनी सांगा प्लीज

डेएंड_दादा: दोन्ही नको, आख्खी कोअर बँकिंगच, म्हणजे सगळी खाती चालवणारी मूळ सिस्टीमच बदला. आम्ही बदलली, पहिले दोन महिने रात्री अकरापर्यंत डे-एंड (दिवसाचा हिशेब बंद करायचं काम) चालायचा, एका स्कीमचं व्याज दोनदा पडलं, पण आता लोण्यासारखी चालते.

शिलकीपुस्तक: दादा, 5 टक्के म्हणालो मी 😅

डेएंड_दादा: बजेट वाढवून घ्यायचं असतं हो.

खिडकी_नं_३: शाखा बंद करायच्या भानगडीत मात्र पडू नका. आमची एक बंद केली, भाडं वाचलं म्हणून पेढे वाटायचेच बाकी होते, आणि सेव्हिंगवाली जुनी खाती एकेक करत निघून गेली. तोच आमचा स्वस्त पैसा होता, ती जागा भरायला महागड्या मुदत ठेवी घ्याव्या लागल्या

आकडेमोड: 74 जास्तच आहे, 60 च्या आत असलं की बरं मानतात. पण सगळे खर्चालाच कात्री लावतात, ज्या उत्पन्नाने तो खर्च भागतो ते कोणी बघत नाही, व्याज जास्त गेलं की तेही घटतं. मोठ्या ठेवीदारांना कधीतरी दिलेला जादा व्याजाचा स्पेशल रेट रिन्युअलला तसाच पुढे जातोय का बघा. आमच्याकडे जात होता, ज्या साहेबांनी मंजूर केला ते रिटायरही झाले!

धनको: उत्पन्नच हवं तर लांब मुदतीचे बाँड घ्या, कटकट नाही.

आकडेमोड: 2023 मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचं काय झालं विसरलात? व्याजदर चढले, बाँडचे भाव पडले, तोट्यात विकायची वेळ आली.

धनको: तिथल्या बहुतेक ठेवी विम्याच्या मर्यादेबाहेर होत्या म्हणून पळापळ झाली, बाँडला कशाला नावं ठेवता

आकडेमोड: दोन्ही कारणं होती. असो, धागा भरकटतोय.

फाईलवाली_ताई: सॉफ्टवेअर घेण्याआधी एक करा. आम्ही प्रत्येक कर्जाच्या फाईलवर एक कागद चिकटवला, ज्या टेबलावर फाईल येईल त्याने आल्याची आणि गेल्याची तारीख लिहायची. एका फाईलला 19 दिवस लागले होते, त्यात खरं काम जेमतेम दीड दिवसाचं. बाकी वेळ ती पडून, नाहीतर एकेक कागद कमी म्हणून परत. तीनदा परत गेली, तीन वेगवेगळ्या कागदांसाठी, तिसऱ्यांदा तर नुसती एक सही राहिली होती. कर्जदार शेवटी दुसरीकडे गेला. मग आम्ही पहिल्याच खिडकीला कागदांची यादी दिली, अर्धवट फाईल आत घ्यायचीच नाही.

खिडकी_नं_३: ताईंना +१. स्पेशल रेटचंही बघा.

आकडेमोड: ते मी वर लिहिलंय.

शिलकीपुस्तक: सगळ्यांचे आभार. बोर्डाची मीटिंग झाली, ॲप घ्यायचं ठरलं. मीपण हात वर केला, खोटं कशाला बोलू, मला स्वतःलाच ॲप हवं होतं. ताईंचा कागद मात्र सोमवारपासून चिकटवतोय.

डेएंड_दादा: ॲपचं वार्षिक मेंटेनन्स किती ते विचारलंत का?

शिलकीपुस्तक: विचारतो उद्या.