श्रद्धा, विश्वास, आस्था, इमान : अर्थ आणि क्रियापदे

प्रश्न

ग्वाल्हेरमध्ये आमच्या घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. येथील हिंदी वर्तमानपत्रांत ‘आस्था’ हा शब्द धर्मश्रद्धेसाठी सर्रास येतो आणि आता आमच्या मराठीतही तो त्याच अर्थाने शिरला आहे. ‘प्रत्येकाची आस्था वेगळी असते’ हे मराठी वाक्य योग्य ठरेल का, असे विचारते आहे. श्रद्धा, विश्वास आणि निष्ठा यांत भेद कोणता, आणि माणसांचे धर्म वेगवेगळे का असतात याचा काही उलगडा या शब्दांतून होतो का, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर

ताई, मराठीत आस्था म्हणजे कळकळ, आपुलकीने घेतलेली काळजी. आजाऱ्याची आपण आस्थेने चौकशी करतो आणि कारभाऱ्यांच्या अनास्थेमुळे रस्ते उखडलेले राहतात. यांत देवाधर्माचा संबंध नाही. आपले वाक्य पुण्याचा वाचक ‘प्रत्येकाच्या जिव्हाळ्याचा विषय वेगळा असतो’ असेही वाचू शकेल. तेथे श्रद्धा हाच शब्द हवा.

मला मात्र या शब्दांबरोबर येणारी क्रियापदे अधिक महत्त्वाची वाटतात. हिंदीत विश्वास ‘करतात’, आणि त्या वळणाचे ‘मी तुझ्यावर विश्वास करते’ हे वाक्य आपल्याकडच्या मराठी घरांत ऐकू येते. खरे पाहता मराठीत विश्वास बसतो आणि उडतो, श्रद्धा जडते आणि ढळते, खात्री पटते. म्हणजे माणूस येथे कर्ता नसतो, त्याच्या ठायी काहीतरी घडते. विश्वास ‘ठेवता’ येतो हे खरे, पण ठेवायचे ठरवले म्हणून तो बसेलच असे नाही. धर्मभेदाचे मोठे कारण मला येथेच दिसते. बहुतेकांनी चार धर्म पुढ्यात मांडून, पारखून त्यांतला एक घेतलेला नसतो. बोलता येण्याआधीच ज्यांच्यावर विश्वास बसला, त्या आईवडिलांनी आणि आजीआजोबांनी ज्याच्यापुढे हात जोडले, त्याच्यावर श्रद्धा जडते आणि तिची कारणे आपण पुष्कळ नंतर शोधतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन विचारतो, की शास्त्रविधी सोडून, पण श्रद्धेने जे यजन करतात, त्यांची निष्ठा कोणती. एकाच श्लोकात दोन्ही शब्द आल्यामुळे भेद स्पष्ट होतो : श्रद्धा हा आतला भाव आणि निष्ठा ही त्या भावाने माणूस जेथे ठाम उभा राहतो ती जागा. श्रीकृष्णांचे उत्तर असे, की श्रद्धा ज्याच्या त्याच्या स्वभावातून, सत्त्वानुरूप येते. ‘यो यच्छ्रद्धः स एव सः’, म्हणजे ज्याची जशी श्रद्धा, तसाच तो माणूस. एका घरातल्या दोन भावांची श्रद्धा वेगळी का, हे या उत्तराने समजते. एका अख्ख्या गावाची श्रद्धा एकसारखी का, हे मात्र स्वभावावरून सांगता येत नाही. तेथे संस्कार, शेजार आणि कधी राजसत्ताही विचारात घ्यावी लागते.

‘इमान’ हा शब्दही पाहण्याजोगा आहे. अरबीत ईमान म्हणजे ईश्वरावरील श्रद्धा, आणि तिचे मूळ सुरक्षित, निश्चिंत असण्याच्या कल्पनेत आहे. ‘अमानत’, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, हा शब्द त्याच कुळातला. मराठीत इमान मुख्यतः धन्याशी आणि दिल्या शब्दाशी राखायचे असते. म्हणून आपण इमानेइतबारे चाकरी करतो. धर्माचा अर्थ मागे पडला, तरी विसंबण्याचा गाभा शिल्लक राहिला. आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर शिखांचा दाताबंदी छोड गुरुद्वारा आहे. शिखांच्या अरदासीत, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेत, ‘विसाह दान, भरोसा दान’ मागितले जाते, आणि त्यातला विसाह म्हणजे आपला विश्वासच. याच किल्ल्याच्या कड्यांत पंधराव्या शतकात तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती कोरल्या गेल्या. त्या जैन परंपरेत सम्यग्दर्शनाची, म्हणजे योग्य दृष्टीची, व्याख्या ‘तत्त्वार्थश्रद्धानम्’ अशी आहे. म्हणजे तेथे श्रद्धा सृष्टिकर्त्या ईश्वरावर ठेवायची नसून तत्त्वांच्या यथार्थ स्वरूपावर ठेवायची आहे. म्हणून धर्मांमध्ये केवळ श्रद्धास्थान वेगळे असते असे म्हणणे मला अपुरे वाटते. श्रद्धा ठेवणे म्हणजे काय करणे, याविषयीही त्यांच्यात भेद आहे.

आपल्याकडच्या तानसेन समारोहाचा, म्हणजे संगीत महोत्सवाचा, पारंपरिक आरंभ तानसेनांच्या समाधीपाशी हरिकथेने आणि मीलादने, म्हणजे पैगंबरांच्या गुणगानाने, होतो. हरिकथेला बसलेल्याची मीलादवर श्रद्धा असायलाच हवी असे नाही, तरी त्याला आदर वाटतो. दुसऱ्याच्या श्रद्धेविषयी आपल्याला जे वाटावे, त्यासाठी मराठी अर्थाची आस्था मला फार योग्य वाटते.

शंका

श्रद्धा जडते असे म्हटले, तर विचारपूर्वक धर्म बदलणाऱ्यांचे काय? डॉ. आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि दीर्घ अभ्यासानंतर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेथे कर्ता माणूसच आहे.

उत्तर

दादा, म्हणूनच मी ‘बहुतेकांनी’ असे लिहिले. आपले उदाहरण त्या बहुतेकांबाहेरचे आहे आणि भाषाही त्याची नोंद घेते. दीक्षा घेतात, धम्म स्वीकारतात. दोन्ही क्रियापदे सकर्मक आहेत. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे, आणि ‘मानणे’ ही माणसाने स्वतः करायची गोष्ट आहे. परंतु पुढे त्याच प्रतिज्ञांत हाच सद्धम्म असल्याची खात्री ‘पटली’ आहे, असे येते. जुने न मानण्याचा निर्णय घेता येतो. नवे पटावे लागते, आणि ते पटण्यासाठीच बाबासाहेबांनी इतकी वर्षे अभ्यासाला दिली.