उघडे पोर्ट आधी झाका
काही व्ही६ इंजिनांचे मागचे स्पार्क प्लग बदलायला वरचा इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा पोचवणारा भाग) काढावा लागतो. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, इंजिन पूर्ण गार होऊ द्या असं इथे बाकीच्यांनी सांगितलंय ते बरोबरच, पण मॅनिफोल्ड उचलल्यावर खाली जे पोर्ट, म्हणजे सिलिंडरकडे हवा जाण्याची भोकं, उघडे पडतात त्याबद्दल कुणीच बोललं नाही आणि खरा धोका तिथेच आहे. टोयोटा सिएना गाडीच्या ३.५ लिटर व्ही६ चे मागचे प्लग बदलताना माझ्या हातून एक वॉशर थेट पोर्टात गेला, नशीब व्हॉल्व्ह बंद होता आणि वॉशर लोखंडी, म्हणून मॅग्नेटने निघाला. अ‍ॅल्युमिनियमचा असता तर चिकटलाच नसता.

उचलायच्या आधी आजूबाजूची माती ब्रशने, व्हॅक्यूमने काढा, आणि उचलल्या उचलल्या पोर्टांवर चिकटपट्टी नाहीतर स्वच्छ फडकं, टिश्यू नको, त्याचे तुकडे आत राहतात. फडकी मोजून ठेवा, बसवायच्या आधी तेवढीच बाहेर आली पाहिजेत.