मदत हवी आहे : गिटारला जुन्या धाटणीच्या खुंट्या
नमस्कार मंडळी. लातूरला घरीच टेलिकास्टरच्या (फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार) धाटणीची सागवानी गिटार बांधतोय. बॉडी झाली, आता अडलंय तारा पिळायच्या खुंट्यांवर. मला क्लुसन या जुन्या अमेरिकन कंपनीच्या खुंट्यांसारख्याच हव्यात. तार गुंडाळायच्या दांड्याला वरून खाच, मधोमध भोक. तार कापून टोक आत खोचलं की बोटाला टोचत नाही. दिसायलाही त्याच देखण्या! पण तयार आणलेल्या नेकची (गिटारच्या मानेची) भोकं 10 मिमीची, आणि या खुंट्यांच्या बुशिंगला (दांड्याभोवती भोकात बसणारं धातूचं कडं) साधारण पावणेनऊ मिमीचं भोक लागतं. मोठ्या भोकासाठीची जोड-बुशिंग घातली तर पक्की बसतात का, की पुढे हलायला लागतात? दुसरं, 15:1 घ्यावं (खुंटी 15 वेळा फिरवली की दांडा एकदा फिरतो) की 18:1? आमच्याकडे उन्हाळ्यात लाकूड फार सुकतं, सूर सारखा लावावा लागतो, म्हणून बारीक फिरणारं बरं वाटतंय. कुणी स्वतः बसवल्या असतील तर जरूर सांगा.